गुलाबी कापूस

घड्याळाच्या पट्ट्याखाली सुरू झालं ते.
रुपयाएवढी जागा, लाल,
रात्री नखांना हाका मारणारी.
मी म्हटलं घाम असेल, मकरपुऱ्याचा मे महिना.
शेठ म्हणाले, पावडर लाव, चालशे.

चालशे.
बडोद्यातल्या माझ्या मराठीत
हा शब्द कधी घरचा झाला, कळलंच नाही.
हातमोज्याला भोक? चालशे.
थिनरने हात धुतले? चालशे, लवकर निघतं.
बाही वर, अंगठी बोटातच,
हिरव्या ऊन पाण्याच्या टाकीत वाकून
तळाला गेलेला नळ चाचपायचा,
चालशे.
एकवीस वर्षं चाललं.

डॉक्टर मिस्त्रीबाईंनी पाठीवर
चिकटपट्ट्यांच्या दोन ओळी लावल्या.
पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही,
आणि हे मे महिन्यात!
पट्ट्या निघाल्या तेव्हा एकच चौकोन पेटलेला.
निकल, म्हणाल्या.
किती दिवसांचं औषध?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"माणूस विसरतो, फाळके. कातडी नाही विसरत."

सोबत एक चिमुकली बाटली दिली.
कापसाचा बोळा भिजवून धातूवर घासायचा,
गुलाबी झाला तर समजायचं, आहे.

दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांचा मी पंचनामा केला.
कुलपाची किल्ली: गुलाबी.
पट्ट्याचं बक्कल: गुलाबी.
पँटचं बटण.
बेंबीखालच्या डागाचा चोर तिथेच सापडला.
इंदुमतीच्या मंगळसूत्राच्या वाट्या: कापूस पांढराच.
मागचा आकडा: गुलाबी.
"म्हणजे मला मानेवर येतं ते..."
म्हणाली, आणि पदर सारखा करत राहिली.
देवाची घंटा: नाही.

मोरीतला नळ शेवटी ठेवला होता.
आमच्याच कारखान्यातला, डाग पडलेला म्हणून
अर्ध्या किमतीत आणलेला,
वरचा मुलामा आता झिजलेला.
घासायच्या आधीच ठाऊक होतं.

किती घरांतले नळ, कड्या, मुठी
मी झगमगवल्या असतील.
आता कुणाकडे गेलो की
दार कोपराने ढकलतो,
आणि लोकांना वाटतं, फाळक्यांना गर्व झालाय.

शेठनी मला पॅकिंगला बसवलं. वाईट नाहीत ते.
टाकीवर आलाय भावसिंग राठवा,
छोटाउदेपूरकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
त्याचे हात पाहिले मी:
नखांत गावची माती, बाकी काही नाही.
कोरे हात.

पहिल्या दिवशी त्याला टाकी दाखवलीच नाही.
मोजा दाखवला.
फुंकून फुगव, म्हटलं, गालाजवळ धर.
वारा लागला तर फेकून दे.
फाटका मोजा नागड्या हाताहून वाईट,
पाणी आत शिरतं आणि मुक्काम ठोकतं.
आत सुती, वर रबरी. सुती रोज धुतलेला.
थिनरला हात लावायचा नाही,
ते कातडीचं तेल नेतं, मग दार उघडंच राहतं.
साधा साबण, बोटांच्या बेचक्या कोरड्या,
वर मलम. हसतोस काय,
बायकांचं काम नाही हे.
पडलेला नळ आकड्याने काढ. राहिला तर राहू दे,
नळ दुसरा होतो.

आणि ते कडं उतरव.

जत्रेतलं, बाबादेवाच्या, म्हणाला.
कधी काढलं नाही.
आठ तासांनी काय होतंय, काका? चालशे.

मी तोंड उघडलं
आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच भाषेत उलटं बोललो:
नहीं चाले.

जरा मोठ्यानेच. ग्राइंडरवाल्यांनीही वळून पाहिलं.

रुमालात गुंडाळून ते दिवसभर माझ्या डब्यात होतं,
पोळीच्या शेजारी.
सहाच्या भोंग्याला तो आला, दोन्ही हात पुढे करून.
खिडकीपाशी नेऊन
मी ते आधी पालथे पाहिले, मग उताणे,
बेचक्यांतसुद्धा.

मग कडं दिलं.
बाटलीत अजून चार थेंब आहेत.
कड्याचं काय ते उद्या बघू.